चिंचोक्यांची वाटी

माणसाच्या बोलण्यात काही शब्द असे असतात, की ते वाक्यात बसलेले दिसतात. परंतु तेथे त्यांचे काही काम असतेच असे नाही. बिनतिकिटाच्या उतारूंप्रमाणे ते ऐटीत प्रवास करतात, आणि कित्येकदा त्यांच्या गर्दीमुळे तिकीट काढलेल्या उतारूंना उभे राहावे लागते. ‘म्हणजे’, ‘आपलं’, ‘बरं का’, ‘या ठिकाणी’, ‘काय म्हणतात त्याला’ ही त्यांपैकी काहींची नावे होत. गंमत अशी, की ज्याच्या तोंडून ते बाहेर पडतात त्याला ते ऐकू येत नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र स्पष्ट ऐकू येतात.

सोलापूर जिल्ह्यातील माढा येथील एका शाळेत सातवीच्या वर्गाला या उतारूंची ओळख झाली, ती एका वाटीमुळे. दिवस फेब्रुवारीचे होते. कवी कुसुमाग्रज यांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, हा मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा केला जातो. त्या दिवसासाठी वर्गातील एका मुलाने ‘माझे गाव’ या विषयावर भाषण तयार केले होते. सराव सुरू होण्यापूर्वी गुरुजींनी टेबलावर एक पितळी वाटी ठेवली, तिच्याशेजारी मूठभर चिंचोके ठेवले आणि वर्गनायिकेला सांगितले, “याच्या भाषणात जो शब्द काढून टाकला तरी अर्थाला धक्का लागत नाही, असा शब्द आला की वाटीत एक चिंचोका टाकायचा.”

मुलगा धीट होता. त्याने छाती पुढे काढली आणि सुरुवात केली, “मी या ठिकाणी बेसिकली माझ्या गावाविषयी दोन शब्द सांगू इच्छितो. माढा म्हणजे अ‍ॅक्च्युअली एक ऐतिहासिक गाव आहे. म्हणजे या ठिकाणी, म्हणजे, माढेश्वरीचं मंदिर आहे...”

टक्, टक्, टक्. वाटी वाजू लागली. मुलगा गोंधळला, आणि गोंधळल्यामुळे त्याच्या तोंडून ‘म्हणजे’ अधिकच येऊ लागले. तीन मिनिटे संपली तेव्हा वाटीत सव्वीस चिंचोके पडले होते. सारा वर्ग हसत होता. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली : ‘माढा हे ऐतिहासिक गाव आहे. येथे माढेश्वरीचे मंदिर आहे.’

“तुझ्या भाषणाच्या आरंभातून हे सव्वीसांतले सोबती उतरवले, तर एवढे उरते,” ते म्हणाले. “आता पाहा, काय काय राहून गेले. रावरंभा निंबाळकरांच्या नावाशी जोडलेला आपला किल्ला राहिला. आपल्या तालुक्यातील कुर्डुवाडीहून १८९७ साली बार्शीकडे छोटी रेल्वे सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. ती रेल्वे राहिली. आपल्याच तालुक्यात उजनी येथे भीमा नदीवर बांधलेले आणि १९८० साली पूर्ण झालेले धरण राहिले. यांना जागा कोठून मिळणार? त्यांच्या जागेवर ‘म्हणजे’ बसले होते!”

मग त्यांनी ‘या ठिकाणी’ हे शब्द उचलले. “सभेत उभा राहिलेला मनुष्य ‘मी या ठिकाणी सांगू इच्छितो’ असे म्हणतो. अरे, तो याच ठिकाणी उभा आहे, ऐकणारेही याच ठिकाणी बसले आहेत. शिवाय सांगण्याची इच्छा असल्याचे कशाला सांगायचे? जे सांगायचे आहे ते सांगावे. आणि ‘दोन शब्द’ म्हणणाऱ्याने दोन शब्दांत भाषण संपवलेले तुमच्यापैकी कोणी पाहिले आहे काय?”

कोणीही पाहिले नव्हते.

त्यानंतर गुरुजींनी मुलांना पत्राच्या आरंभी लिहावयाची अक्षरे विचारली. “सा. न. वि. वि.,” सारा वर्ग एका सुरात म्हणाला. त्यांचा अर्थ मात्र एकाच मुलीला सांगता आला : साष्टांग नमस्कार विनंती विशेष. गुरुजी म्हणाले, “पूर्वी जासूद पायी पत्रे घेऊन जात. पत्राच्या प्रारंभी आपले क्षेम कळवावयाचे, दुसऱ्याचे विचारावयाचे, आणि मग ‘विशेष’ हा शब्द लिहावयाचा. ‘विशेष’ म्हणजे आता मुख्य मजकूर सुरू होतो, अशी ती खूण होती. वाचणारा तेथे सावरून बसत असेल. आज आपला हात ही चार अक्षरे आपोआप उमटवतो. नमस्कार मनात उमटतोच असे नाही.”

शब्द झिजतात ते असे. वर्तमानपत्रांत रस्त्यावरील खड्डे ‘युद्धपातळीवर’ बुजवले जातात आणि गटारेही ‘युद्धपातळीवर’ साफ होतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, भूकंप झाला. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली, आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी माणसे अहोरात्र झटली. त्या झटण्याला कोणता शब्द वापरावा? जो शब्द योग्य होता, तो आधीच खड्ड्यांत आणि गटारांत खर्च होऊन गेलेला असतो. ही गोष्ट केवळ मराठीची नव्हे. १९४८ साली इंग्लंडमध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ‘प्लेन वर्ड्स’, म्हणजे ‘साधे शब्द’, या नावाचे एक लहानसे पुस्तक सरकारी अधिकाऱ्यांसाठी लिहिले, कारण तेथील कचेऱ्यांच्या पत्रांतही शब्द उदंड आणि अर्थ थोडका अशी स्थिती झाली होती.

मुलाच्या मनात हे सारे खोल रुजले. सव्वीस चिंचोक्यांचा आवाज त्याच्या कानांत घुमत होता. घरी जाताच त्याने स्वयंपाकघरातून एक वाटी घेतली, खिसा चिंचोक्यांनी भरला, आणि तो घरातील माणसांचे बोलणे मोजू लागला. आईचे ‘बरं का’ निघाले. फोनवर बोलणाऱ्या काकांचे ‘ऐक ना’ निघाले. दूरदर्शन संचावर बातम्या देणाऱ्या बाईंचे ‘नेमकं’ तर इतके निघाले, की खिसा रिकामा झाला. आई हसून म्हणाली, “बरं का, आता तुझ्यापुढं बोलायचीसुद्धा चोरी झाली!” त्याने त्या ‘बरं का’चाही एक चिंचोका टाकला.

रात्री जेवणे झाल्यावर आजोबा ओसरीवर बसले. त्यांना घरात सारे आबा म्हणत. आबांजवळ १९७२ सालच्या दुष्काळाच्या पुष्कळ गोष्टी होत्या. त्या वर्षी महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात पावसाने दगा दिला. विहिरी आटल्या, चाऱ्यावाचून जनावरे गेली, आणि खेडोपाडी माणसे सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांवर रस्ते बांधू लागली, पाझर तलाव खणू लागली, खडी फोडू लागली. आबा तेव्हा अकरा वर्षांचे होते.

“तवा पाऊस आपला आलाच न्हाई,” आबा सांगू लागले. “विहिरी आपल्या कोरड्या ठाक. जनावरं आपली, काय म्हणत्यात त्याला, दावणीला बसली की पुन्हा उठायची न्हाईत.”

टक्. टक्. टक्. टक्.

“मिलो यायचा बघा अमेरिकेतनं. तांबडी जवारी. भाकरी आपली तांबडी व्हायची. माझी आई खडी फोडायला जायची, आन् मी आपला दुपारचं तिच्यासंगं जाऊन बसायचो. ती आपली...”

टक्.

आबा थांबले. “काय वाजतंय रं?”

मुलाने वाटी उचलून मोठ्या अभिमानाने दाखवली. “आबा, तुम्ही किती वेळा ‘आपलं’ म्हणता! एवढ्यातच चौदा झाले!”

आबा रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी काही क्षण वाटीकडे पाहिले. “चौदा व्हय?” एवढेच ते बोलले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, “ऱ्हाऊ दे आता. नीज जा,” म्हणाले आणि आत निघून गेले.

दुसऱ्या रात्री आबा ओसरीवर आले, परंतु गोष्ट निघाली नाही. तिसऱ्या रात्रीही निघाली नाही. काही विचारले तर ते मोजके उत्तर देत. ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ या दोन शब्दांत त्यांचे सारे बोलणे मावू लागले. त्या बोलण्यात एकही अनावश्यक शब्द नव्हता. वाटी रिकामीच राहिली. आणि रिकाम्या वाटीकडे पाहून मुलाला आनंद होण्याऐवजी, आपले काही हरवले आहे, असे वाटू लागले. घरात कोणी कोणाला बोलले नव्हते. केवळ ओसरी मुकी झाली होती.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो गुरुजींजवळ गेला आणि खाली मान घालून त्याने सारी हकीकत सांगितली. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चूक माझीही आहे. मी तुम्हांला निम्माच धडा शिकवला. चल, उरलेला निम्मा सांगतो.”

“गावातील भजन ऐकले आहेस ना?” त्यांनी विचारले. “मुख्य गाणारा एक चरण म्हणतो, आणि मागचे टाळकरी पालुपद घोळवतात. तेच ते पद पुन्हा पुन्हा कशासाठी? त्या वेळात गाणारा श्वास घेतो आणि पुढचा चरण आठवतो. म्हणूनच बोलताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दालाही आपण पालुपदच म्हणतो. त्याला तकिया कलाम असेही नाव आहे. तकिया म्हणजे उशी, टेकण्याची वस्तू. चालून दमलेला मनुष्य जसा लोडाला टेकतो, तसे बोलणे क्षणभर या शब्दाला टेकते.”

“म्हणजे जुने लोकही असे शब्द वापरीत?” मुलाने विचारले, आणि ‘म्हणजे’ उच्चारल्याबद्दल जीभ चावली.

“हे ‘म्हणजे’ कामाचे आहे, त्याला भिऊ नकोस,” गुरुजी हसून म्हणाले. “मोठमोठे कवीही वापरीत. अनुष्टुभ छंदात प्रत्येक चरणाला आठ अक्षरे लागतात. अर्थ सात अक्षरांत संपला, तर आठव्या जागेसाठी संस्कृत कवी ‘तु’, ‘हि’, ‘च’, ‘वै’ असे एखादे अक्षर घालीत. अमरकोशात अशा शब्दांचे काम ‘पादपूरण’, म्हणजे चरण भरून काढणे, असे दिले आहे. त्यांना कोशातून कोणी हाकलून दिले नाही. त्यांचे काम लिहून ठेवले. आणि अगदी अलीकडची गोष्ट सांगायची, तर अमेरिकेतील हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या संशोधकांनी २००२ साली, इंग्रजी बोलणारे लोक मध्येच ‘अं’, ‘उम्’ असे जे म्हणतात, त्याचा अभ्यास मांडला. त्यांचे म्हणणे असे, की हे निरर्थक आवाज नव्हेत. मला थोडा वेळ हवा आहे, माझे बोलणे अजून संपलेले नाही, असे त्यांतून बोलणारा ऐकणाऱ्याला कळवीत असतो.”

मुलगा विचारात पडला. “मग आबांचे ‘आपलं’ बरोबर आणि माझे ‘बेसिकली’ चूक, असे का?”

“तूच पाहा. तू ‘बेसिकली’ कोठे म्हणालास? जेथे तुला काही आठवायचे नव्हते, केवळ ऐटीत बोलायचे होते, तेथे. आबा ‘आपलं’ कोठे म्हणाले? ज्या गोष्टीला पन्नासांहून अधिक वर्षे लोटली, ती गोष्ट ते शोधून आणीत होते. शिवाय ‘मी आपला सहज आलो’ असे म्हणणाऱ्याच्या बोलण्यात एक नम्रपणा असतो. माझे काही मोठेसे नाही, असे तो सुचवतो. आपल्या शेतात ज्वारी येते. कणसातील दाणा आपण खातो. पण म्हणून कडबा कोणी फेकून देतो का? तो गुरांच्या तोंडी जातो. वाऱ्यावर सोडायचे ते भूस. कडबा कोणता आणि भूस कोणते, हे ज्याच्या त्याच्या शेतावर ठरते. आणि आणखी एक ध्यानात ठेव. वाटी मी तुझ्यापुढे ठेवली होती, ती तुझ्या भाषणासाठी. ज्याने त्याने ती आपल्यापुढे ठेवावी. दुसरा मन उघडून बोलत असताना ती बाहेर काढू नये.”

त्या दिवशी संध्याकाळी आबा शेतातून परतले तेव्हा त्यांच्या धोतराला ज्वारीची कूस चिकटली होती. काढणी सुरू झाली होती. मुलाने त्यांना पाणी आणून दिले आणि तो त्यांच्याजवळ ओसरीवर बसला. त्याने आपले दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवले होते. त्यांत काही नाही, हे आबांना दिसावे म्हणून.

“आबा,” तो म्हणाला, “तुमची आई खडी फोडायला जायची. मग पुढं काय झालं?”

आबांनी एकदा त्याच्या हातांकडे आणि एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिले. “ते व्हय?” ते म्हणाले. “त्यात काय... लई जुनं झालं ते.”

मुलगा काही बोलला नाही. तो थांबून राहिला. रस्त्याने कडब्याची एक गाडी गेली. तिचा आवाज विरून गेल्यावर आबा हळूहळू बोलू लागले.

“ऊन आपलं मरणाचं. बाया डोक्यावर फडकी बांधून खडी फोडायच्या. दुपारी आई भाकरी सोडायची. भाकरी आपली एकच. ती आपली... काय म्हणत्यात त्याला...”

आबा थांबले. या वेळी ते बराच वेळ थांबले. मुलाने पाहिले, की आबांची नजर अंगणापलीकडे कोठे तरी लागली आहे आणि त्यांचे ओठ किंचित हलत आहेत. त्याला एकाएकी उमगले, की आबा शब्द शोधीत नाहीत. ते आपल्या आईचा चेहरा शोधीत आहेत.

“ती आपली भाकरी मोडायची,” आबा म्हणाले, “आन् मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवायची. धाकटा बी ठेवायची. मी म्हणायचो, आई, तुला? तर म्हणायची, ‘खा रं तू. मला आपली भूकच न्हाई.’ रोज तसंच म्हणायची. मला आपलं खरंच वाटायचं.”

ओसरीवर शांतता पसरली. मुलगा त्या एका शब्दाचा विचार करीत होता. जो शब्द त्याने चौदा वेळा मोजला होता, तो आबांजवळ कोठून आला असेल, हे त्याला आता समजले. भुकेलेली एक आई आपली भूक लपवताना जो शब्द बोलत असे, तो तिच्या मुलाने आयुष्यभर जिभेवर जपला होता. आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते.

२७ फेब्रुवारीला मुलाने भाषण केले. त्यात ‘बेसिकली’ नव्हते, ‘अ‍ॅक्च्युअली’ नव्हते, ‘या ठिकाणी’ तर नव्हतेच. माढेश्वरीचे मंदिर, किल्ला, छोटी रेल्वे, उजनीचे धरण या साऱ्यांना त्यात जागा मिळाली. शेवटी त्याने आबांच्या आईची गोष्ट सांगितली. सांगताना तो एकदोन ठिकाणी अडखळला. परंतु त्याने घाईघाईने कोणताही शब्द मध्ये कोंबला नाही. तो थांबला, आणि सारी सभाही त्याच्याबरोबर थांबली. “मला आपली भूकच नाही,” हे वाक्य आले तेव्हा पुढे बसलेल्या वर्गनायिकेने सवयीने गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी नुसती मान हलवली : नाही.

मागच्या बाजूला, भिंतीला टेकून आबा उभे होते. भाषण संपल्यावर ते मुलाजवळ आले. “चांगलं बोललास की रं,” ते म्हणाले, आणि थोडे थांबून पुढे म्हणाले, “मी आपला उगीच आलो होतो ऐकायला.”

ती दुसरी वाटी पुन्हा स्वयंपाकघरात गेली. तिच्यात आता मीठ असते. चिंचोके धाकट्या बहिणीने खेळायला नेले.